गाठीवरची खूण

मंडळी, लिव्हरपूलच्या बाजारात आपला वऱ्हाडी कापूस ‘ऊमरा’ या नावानं विकला जायचा. अमरावतीचंच ते बिघडलेलं रूप! पण गाठीत ओली रुई न् सरकी निघाली, तर जाब कोणाला विचारायचा? भेसळीविरुद्ध मुंबई इलाख्यात १८६३ सालीच कायदा झाला होता. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं सांगितलं, की गाठ प्रेसबाहेर काढण्याआधी तिच्यावर त्या प्रेसची खूण आणि अनुक्रमांक हवाच. काम वरकरणी हलकं, पण आकडा चुकला की ठपका भलत्याच गाठीवर. बरं, त्या खुणेवरून प्रेस सापडायची. पाणी कास्तकारानं मारलं, अडत्यानं की प्रेसवाल्यानं, हे तिच्यावरून कळायचं नाही. बदनाम मात्र अख्खा ‘ऊमरा’ व्हायचा.