तीनशेचे साडेचारशे

ओव्हरक्लॉकिंगचा विषय निघाला की मला १९९८चा सेलेरॉन ३००ए आठवतो. इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर. गुणक साडेचारला कायमचा बांधलेला, पण बस मदरबोर्डच्या हातात! ६६ची बस १०० केली की ३००चे थेट ४५० मेगाहर्ट्‌झ. त्याच साली आलेल्या महागड्या पेन्टियम टूएवढे.

वाहवा सगळी प्रोसेसरची झाली. मला कौतुक रॅमचं. बस ६६ असताना एक ठोका १५ नॅनोसेकंदांचा, १००ला १०चा. म्हणजे 'कॅस २'वर रॅमला आधी ३० नॅनोसेकंद मिळायचे, आता २०च. ते प्रत्येक रॅमला कुठून झेपणार? 'कॅस ३' केलं की पुन्हा ३०! आकडा वाढला, सवड तीच. तरी लोक '३ म्हणजे मंद' म्हणून नाकं मुरडायचे. असो.

व्होल्टेज २.०चं २.२ केलं की अडखळणारी चिप बरेचदा चालायची, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एवढ्यानेच साधारण २१ टक्के, वाढलेल्या वेगाची आणखी वेगळी. म्हणून आधी रॅम सैल करावी, मग व्होल्टेजला हात लावावा, तोही चिमूटभर, असं माझं मत.

आणि विंडोज सुरू झालं म्हणजे जमलं असं नव्हे हं. मशीन हँग झालं तर निदान कळतं. चुकलेला बिट गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसतो. त्यासाठी प्राइम९५. १९९६मध्ये आलेला, मूळ संख्या शोधणारा हा प्रोग्रॅम रात्रभर चालवायचा. गणित चुकलं की तो तिथेच थांबतो.