बाळंतपणाचा भार कोणाचा, निर्णय कोणाचा? बाबासाहेबांची अर्धीच भूमिका सांगणाऱ्यांना उत्तर

दरवर्षी ११ जुलै जवळ आला, म्हणजे जागतिक लोकसंख्या दिनाच्या आसपास, व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. डॉ. आंबेडकर लोकसंख्या नियंत्रणाच्या बाजूने होते, मग त्यांचे अनुयायी दोन अपत्यांच्या कायद्याला विरोध का करतात, असा त्याचा सूर असतो. हा मजकूर पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बाबासाहेबांचे एक पानही वाचलेले नसते. पण आपले तरुण गोंधळतात. काही जण अभिमानाने तो पुढेही पाठवतात. म्हणून हा इतिहास तारीखवार मांडणे गरजेचे आहे. बाबासाहेब संततिनियमनाचे पुरस्कर्ते होते, हे शंभर टक्के खरे आहे. प्रश्न असा आहे की ते कोणत्या टोकापासून बोलत होते: सत्तेच्या, की बाईच्या?

सुरुवात १९३८ पासून नाही, त्याच्या दहा वर्षे आधीपासून करावी लागते.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत हजारो बायका काम करत होत्या. बाळंतपणाच्या अगदी आदल्या दिवसापर्यंत कामावर उभे राहायचे आणि नंतर शक्य तितक्या लवकर परत यायचे, कारण खाडा झाला की मजुरी बुडत असे. तान्ह्या मुलाने दिवसभर शांत पडून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने १९२२ च्या सुमारास मुंबईतील कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा हे भयाण वास्तव कागदावर आले. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही.

जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात असेच विधेयक चर्चेला आले. गिरणीमालकांची बाजू मांडणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला होता: उद्योगावर बोजा पडेल. बाबासाहेब उठले आणि त्यांनी या युक्तिवादाचा पायाच काढून घेतला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जे राष्ट्राच्या हिताचे, त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. मात्र मालकाचीही सुटका नाही, कारण त्या बाईच्या श्रमातून नफा तोच कमावतो.

ही मांडणी नीट समजून घ्या. बाळंतपण ही बाईची खासगी अडचण आहे, असे तेव्हा समाज समजत होता. धर्मशास्त्राने तर त्याला विटाळ ठरवून बाईला कोपऱ्यात बसवले होते. बाबासाहेबांनी त्याच बाळंतपणाला राष्ट्राच्या हिशेबात आणले. विटाळाच्या खोलीतला प्रश्न त्यांनी अंदाजपत्रकाच्या पानावर नेऊन ठेवला.

१९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. दिवसाला ८ आणे, सात आठवडे. पण यात एक गोम होती. सगळा खर्च मालकावर टाकला गेला आणि सरकारने स्वतःचे हात झटकले. मग मालकांनी सोपा मार्ग काढला: पोटुशी बाई दिसली की कमी करायची, लग्न झालेली असली तर घ्यायचीच नाही. पुढच्या काळात गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्यामागे नवी यंत्रे, रात्रपाळीचे निर्बंध अशी इतर कारणेही होती, पण हे एक कारण होतेच. भार सरकारने उचलावा हा बाबासाहेबांचा आग्रह किती व्यवहारी होता, हे यातून कळते. ते मजूरमंत्री असताना बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार केली आणि तिच्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. या कायद्यात प्रसूती लाभ एकट्या मालकाच्या खिशातून न देता सामाईक निधीतून देण्याची सोय झाली.

आता संततिनियमनाकडे येऊ.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली, खटले झाले. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला भरला गेला. सनातन्यांच्या रोषाला घाबरून प्रतिष्ठित मंडळी दूर राहत असताना उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला बॅ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरला. पण शरीराचे ज्ञान म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका त्यांनी न्यायालयात निर्भीडपणे मांडली.

याच काळात इंडियन मेडिकल सर्व्हिसचे महासंचालक जॉन मेगॉ यांनी १९३३ मध्ये खेड्यांच्या पाहणीवरून अंदाज काढला की भारतात दरवर्षी सुमारे २ लाख स्त्रिया बाळंतपणात मरतात. हे आकडे सर्वांसमोर होते. तरीही गांधीजी संततिनियमनाच्या साधनांना विरोध करत होते आणि उपाय म्हणून संयम सांगत होते. एका खोलीत सातआठ माणसे राहणाऱ्या चाळीतल्या बाईने, नवऱ्यावर काडीची सत्ता नसताना, कोणाचा संयम पाळायचा?

१० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. मागणी दोन गोष्टींची होती: सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात. भाषणात गरिबीचा आणि वाढत्या लोकसंख्येचा मुद्दा होता. पण त्याचा कणा वेगळा आहे. बाळंतपणाच्या वेणा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर तो एकाहून अधिक मुलांना तयार झाला नसता, असा रोखठोक टोला त्यात आहे. आणि पुढे निःसंदिग्ध भूमिका आहे: बाईला कोणत्याही कारणाने मूल नको असेल, तर ते टाळण्याची सोय तिच्या हाती असली पाहिजे, अपत्य होऊ द्यायचे की नाही, हे पूर्णपणे तिच्या इच्छेवर अवलंबून असले पाहिजे.

ठराव फेटाळला गेला. विरोधात मत देणाऱ्यांत पुरोगामी म्हणवणारेही होते.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. हजारो बायकांसमोर बाबासाहेब साध्या शब्दांत बोलले: मुलामुलींची लग्ने घाईने लावू नका, जास्त मुले होऊ देऊ नका, नवऱ्याची दासी नव्हे तर मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा. विधानसभेने नाकारलेला विचार त्यांनी थेट आपल्या आयाबहिणींच्या पदरात टाकला.

आता एक अवघड गोष्ट. आपण ती लपवू नये. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात संततिनियमनाच्या प्रचाराची आणि केंद्रांची मागणी आहेच. शिवाय लोकसंख्यावाढ हे इतके गंभीर संकट आहे की त्यासाठी अधिक कडक उपाय सुचवायलाही पक्ष कचरणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवाले नेमके याच वाक्याचे भांडवल करतात. पण एका जाहीरनाम्यातील एक वाक्य उचलायचे आणि १९२८ व १९३८ ची भूमिका गिळून टाकायची, याला वाचन म्हणत नाहीत. शिवाय 'कडक उपाय' या शब्दांचा या जातिव्यवस्थेत काय अर्थ होतो, हे १९५१ नंतरच्या इतिहासाने दाखवले आहे. बाबासाहेबांनी आपल्याला पोथी दिली नाही, तपासून पाहण्याची रीत दिली. ती त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यालाही लागू होते.

काय घडले ते पाहा. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते; ते अमलात आले नाही, एवढेच. सक्तीचा रोख गरिबांवर होता. पुरुषांचा संताप मतपेटीतून बाहेर पडला, तेव्हा सरकारने पुरुषांना सोडले आणि बायकांना धरले. तेव्हापासून नसबंदीचा जवळजवळ सगळा भार बाईच्या पोटावर आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्या दिवसांतील शिबिरांनंतर १३ जणी दगावल्या. त्यांत दलित, आदिवासी, मागासवर्गीय बायकाच होत्या. अखेर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सांगावे लागले.

आणि आपला बीड जिल्हा? ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यावर उचल असते. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळीत विसावा नाही, फडात संडास नाही, बाळंतपणाची रजा तर स्वप्नातही नाही. मग पंचविशी-तिशीतच 'पिशवी काढून टाक' हा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत बीडच्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. १९२८ चा गिरणीतला खाडा आणि आजचा फडातला खाडा, फरक काय राहिला?

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती प्रामुख्याने संघटित क्षेत्रातल्या बाईला मिळते, आणि दोन मुले हयात असतील तर तिलाही १२ आठवडेच. खर्च पुन्हा मालकावरच, म्हणजे १९२९ चीच चूक. दुसरीकडे, महाराष्ट्रात तिसरे अपत्य झाले की पंचायतीचे सदस्यत्व जाते. आरक्षणातून पहिल्यांदा खुर्चीवर बसलेल्या दलित बाईला, मूल होऊ देण्याचा निर्णय घरात तिच्या हातात नसतानाही, त्याची शिक्षा मात्र भोगावी लागते.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनो, पुढच्या वेळी तो मजकूर आला की दोनच प्रश्न विचारा. बाळंतपणाचा भार सरकार उचलणार का? हा १९२८ चा प्रश्न. मूल हवे की नको, हे बाई ठरवणार का? हा १९३८ चा प्रश्न. ज्या कायद्यात दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल, त्यावर बाबासाहेबांचे नाव लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि हे दोन प्रश्न फक्त समोरच्याला विचारून थांबू नका. आपल्या वस्तीत, आपल्या घरात, आपल्या सुनेबाबत आणि बायकोबाबतही विचारा. तिथले उत्तर 'नाही' असेल, तर आपणही बाबासाहेबांची अर्धीच भूमिका घेऊन फिरत आहोत.

जय भीम.