मोझांबिक : शेजाऱ्यांकडे तोंड करून घडलेला देश

मोझांबिक : आफ्रिका खंडाच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सुमारे ८ लाख चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून थोडे अधिक. लोकसंख्या ३ कोटींहून अधिक. उत्तरेस टांझानिया, वायव्येस मलावी व झांबिया, पश्चिमेस झिंबाब्वे, नैर्ऋत्येस दक्षिण आफ्रिका व एस्वातिनी. पूर्वेस मोझांबिक सामुद्रधुनी आणि तिच्यापलीकडे मादागास्कर. किनारा जवळजवळ २,५०० किमी. राजधानी मापुतो, चलन मेटिकल, राजभाषा पोर्तुगीज. २५ जून १९७५ रोजी पोर्तुगालपासून स्वतंत्र. वायू, कोळसा, जलविद्युत, सुपीक नदीखोरी आणि उत्तम बंदरे असूनही मानव विकास निर्देशांकाच्या जागतिक यादीत हा देश अगदी तळाशी असतो. याची कारणे सांगताना सहसा वसाहतवाद, यादवी युद्ध आणि भ्रष्टाचार ही तीन नावे घेतली जातात. तिन्ही खरी आहेत. पण त्या तिघांच्या मुळाशी एक जुनी रचना आहे आणि ती नकाशावर उघड दिसते. या देशाचे लोहमार्ग आणि वीजवाहिन्या पूर्व-पश्चिम धावतात, शेजाऱ्यांना समुद्राशी जोडतात. उत्तर-दक्षिण पसरलेल्या देशाला स्वतःशी जोडणारे मात्र फार थोडे आहे.

भूगोलाने या रचनेला हातभार लावला, हे आधी मान्य केले पाहिजे. पश्चिमेकडील पठारे आणि डोंगर (सर्वोच्च शिखर बिंगा, २,४३६ मी.) पूर्वेकडे उतरत रुंद किनारी मैदानात विरतात. रोव्हुमा, झांबेझी, सावे, लिंपोपो या नद्या त्या उतारावरून वाहत देशाचे आडवे तुकडे पाडतात. त्यांतील झांबेझी सर्वांत मोठी. देशाच्या मुख्य उत्तर-दक्षिण महामार्गावर तिच्यावरचा रस्तापूल काइया येथे २००९ मध्ये खुला झाला. त्याआधी, म्हणजे स्वातंत्र्यानंतरची ३४ वर्षे, तेथे वाहने तराफ्यावरून पलीकडे नेली जात. सखल किनाऱ्याला पूर आणि चक्रीवादळांचा धोका कायमचा आहे. मार्च २०१९ मधील ‘इदाई’ वादळाने बैरा शहराची दैना केली आणि देशात सहाशेहून अधिक माणसे दगावली. राजधानी मापुतो देशाच्या दक्षिण टोकाच्या कोपऱ्यात आहे. तेथून दक्षिण आफ्रिकेची सरहद्द शंभर किलोमीटरसुद्धा नाही. उत्तरेचे पेंबा शहर रस्त्याने दोन हजार किलोमीटरांहून दूर आहे.

पण नद्यांनी राजधानी कोपऱ्यात नेली नाही. ती धोरणाने नेली. १४९८ मध्ये वास्को द गामा मोझांबिक बेटावर पोचला, आणि पुढे १७५२ पर्यंत या मुलखाचा कारभार गोव्यातून चालत असे. कोकण-गोव्याचा या किनाऱ्याशी संबंध इतका जुना आहे. प्रत्यक्ष अंतर्भागावर पोर्तुगीज पकड बसली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तीही उसन्या भांडवलावर. मध्य भागातील मानिका-सोफाला प्रदेश मोझांबिक कंपनीकडे १९४२ पर्यंत राहिला. उत्तरेचा मोठा पट्टा न्यासा कंपनीकडे होता. दक्षिणेत सरकार स्वतः बसले, कारण तेथे ट्रान्सवालच्या (आजच्या दक्षिण आफ्रिकेतील) सोन्याच्या खाणी जवळ होत्या. १८९८ मध्ये राजधानी मोझांबिक बेटावरून तेव्हाच्या लोरेन्सू मार्किशला, म्हणजे आजच्या मापुतोला आली. खाणींना मजूर पुरवायचे आणि त्या बदल्यात ट्रान्सवालच्या मालाचा ठरावीक वाटा या बंदरातून न्यायचा, असा सौदा १९०९ च्या करारात पक्का झाला. नंतरच्या काळात मजुरांच्या वेतनाचा एक भाग राखून तो पोर्तुगीज सरकारला सोन्यात मिळे; मजुराला घरी परतल्यावर स्थानिक चलनात पैसे मिळत आणि सोन्याच्या किमतीतला फरक सरकार ठेवी. स्वतःच्या प्रजेचे श्रम परक्या खाणीला भाड्याने देणे हाच सरकारचा व्यवसाय झाला होता. वसाहतकाळातच तीन लोहमार्ग तयार झाले: मापुतोहून ट्रान्सवालकडे, बैराहून आजच्या झिंबाब्वेकडे, आणि उत्तरेतील नकालाहून मलावीकडे. तिघांना जोडणारा चौथा मार्ग कोणी बांधला नाही, कारण त्यात कोणालाच नफा नव्हता.

यावर आक्षेप येतो की आफ्रिकेतल्या जवळपास सगळ्याच वसाहतींत लोहमार्ग खाणीपासून बंदरापर्यंत गेले. मग मोझांबिकचे वेगळेपण काय? वेगळेपण असे की केनियात किंवा घानात तो मार्ग निदान त्याच देशाच्या अंतर्भागात जातो, आणि त्याच्या कडेने बाजारपेठा, गावे, शेती उभी राहते. इथे प्रत्येक मार्गाचे दुसरे टोक परक्या देशात आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: देश उद्ध्वस्त केला तो १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धाने, ज्यात सुमारे दहा लाख माणसे मेली. हे निर्विवाद आहे. परंतु हे युद्ध कशावरून पेटले, तेही पाहिले पाहिजे. पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्या फ्रेलिमो पक्षाच्या सरकारने १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंधांनुसार ऱ्होडेशियाची (आजच्या झिंबाब्वेची) सरहद्द बंद केली, म्हणजे बैराचा मार्ग तोडला. ऱ्होडेशियाने रेनामो ही सशस्त्र संघटना उभी केली. १९८० नंतर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने ती पोसली. रेनामोने लोहमार्ग उखडले, काहोरा बासा धरणाच्या वीजवाहिनीचे मनोरे पाडले, आणि बैरा मार्ग राखायला झिंबाब्वेचे सैन्य आले. त्या रचनेने शेजाऱ्यांना या देशात हात घालायला कारण दिले, साधनही दिले. १९८६ मध्ये माशेल विमान अपघातात मरण पावले. त्यांच्यासोबत गोव्याच्या बार्देशात जन्मलेले विचारवंत आकिनो द ब्रागांसाही गेले. रोम येथे ४ ऑक्टोबर १९९२ रोजी शांतता करार झाला.

करारानंतरच्या दोन दशकांत अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढली, आणि जागतिक संस्थांनी तिला आदर्श ठरवले. हा माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरायला हवा. प्रत्यक्षात तो त्याला बळकटी देतो. वाढ कोठे झाली ते पाहावे. मापुतोजवळचा मोझाल ॲल्युमिनियम प्रकल्प २००० मध्ये सुरू झाला: कच्चा माल आयातीचा, वीज दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीमार्फत, उत्पादन निर्यातीला. पांदे-तेमाने येथील वायू २००४ पासून ८६५ किमी. लांबीच्या नळाने दक्षिण आफ्रिकेत जातो. झांबेझीवरील काहोरा बासाची (२,०७५ मेगावॉट) बहुतांश वीज तिकडेच जाते, आणि दक्षिण आफ्रिकेच्या जाळ्यातून फिरून मापुतोला येते. ग्रामीण मोझांबिकमधील बहुसंख्य घरांत मात्र अंधार आहे. तेते प्रांतातील मोआतीझचा कोळसा नकाला बंदराला नेण्यासाठी गाडीला मलावी ओलांडावा लागतो: देशातला माल देशातल्याच बंदराला परदेशातून जातो. या कोळशात भारतीय उद्योगांची भागीदारी आहे. भारताच्या सार्वजनिक कंपन्यांनी बेंगा खाण २०१४ मध्ये घेतली, तर मोआतीझची खाण २०२२ मध्ये जिंदाल समूहाकडे आली. वाढ झाली ती या बेटांमध्ये. राबणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोक आजही मका, कसावा, भुईमूग पिकवणाऱ्या छोट्या शेतीवर आहेत.

शेतीतही तोच कल दिसतो, आणि इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. झांबेझिया आणि नांपुला प्रांतांतले अल्पभूधारक शेतकरी तूर पिकवतात ती जवळजवळ सगळी भारतासाठी. तेथल्या जेवणात तिला फारसे स्थान नाही. २०१६ च्या करारानुसार भारताने वर्षाला दोन लाख टनांपर्यंत खरेदीचे उद्दिष्ट ठेवले. पुढच्याच वर्षी भारतात तुरीचे भाव पडले, आयातीवर मर्यादा आली, आणि त्या प्रांतांतला भाव कोसळला. लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याला वाचवणारा निर्णय चुकीचा होता असे म्हणवत नाही. पण त्याचा फटका ज्याला बसला त्याच्यापाशी देशांतर्गत दुसरी बाजारपेठ नव्हती, हे आपण विसरू नये. मापुतोच्या बाजाराला नांपुलापेक्षा दक्षिण आफ्रिकेचा शेतमाल स्वस्त पडतो.

राजकारण या भूगोलाचेच प्रतिबिंब आहे. राष्ट्राध्यक्षीय पद्धती, २५० सदस्यांची संसद, दहा प्रांत व मापुतो शहर. १९९४ पासून दर पाच वर्षांनी बहुपक्षीय निवडणुका. सत्ता मात्र स्वातंत्र्यापासून फ्रेलिमोचीच. १९९४ मध्ये, आता राजकीय पक्ष बनलेल्या रेनामोला मध्य व उत्तरेच्या पाच प्रांतांत बहुमत मिळाले, तरी तेथील राज्यपाल मापुतोतूनच नेमले गेले. ते निवडून येऊ लागले २०१९ पासून, आणि त्यांच्या जोडीला केंद्राने नेमलेला सचिव बसवला गेला. २०१३-१४ मध्ये संसदेला अंधारात ठेवून सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जे सरकारी हमीवर काढली गेली. २०१६ मध्ये ती उघड झाली तेव्हा मदत थांबली आणि चलन गडगडले. हा भ्रष्टाचारच, पण त्याची हिंमत झाली कारण राज्यकर्त्यांची भिस्त करदात्यांवर नसून येऊ घातलेल्या वायूवर आणि परक्या धनकोंवर होती. ऑक्टोबर २०२४ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत फ्रेलिमोचे दानियल शापो विजयी घोषित झाले. विरोधी उमेदवार व्हेनान्सियो मोंडलेन यांनी निकाल नाकारला, आणि अनेकांचे प्राण घेणाऱ्या त्या आंदोलनात दक्षिण आफ्रिकेकडे जाणारा सरहद्दीचा मार्गही रोखला गेला. सरकारला कळ कोठे लागते, हे निदर्शकांना ठाऊक होते.

रोव्हुमा खोऱ्यातील प्रचंड वायूसाठा २०१० मध्ये सापडला. त्याच्या एका क्षेत्रात भारतीय तेल कंपन्यांचा एकत्रित वाटा ३० टक्के आहे. त्याच काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून सशस्त्र बंड आहे, मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला, आणि बंदोबस्ताला रवांडाचे सैन्य बोलवावे लागले. वाहतुकीच्या आणि निर्यातीच्या उत्पन्नात गैर काही नाही. बंदरांवर देश श्रीमंत झालेले आहेत. प्रश्न ते उत्पन्न कशात घालायचे हा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने सार्वभौम निधीचा कायदा केला: पहिली १५ वर्षे वायूच्या महसुलातील ४० टक्के निधीत, ६० टक्के अर्थसंकल्पात. माझ्या मते त्या ६० टक्क्यांवर पहिला हक्क तीन लोहमार्गांना जोडणाऱ्या उत्तर-दक्षिण मार्गाचा, किनारी जलवाहतुकीचा आणि देशांतर्गत वीजजाळ्याचा आहे. नवी निर्यात-बंदरे त्यानंतर.