जुनी वस्तू, नवा धनी

वाचकहो, बैलबाजारात तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. आपल्या तालुक्याच्या आठवडी बाजारात म्हणा, नाहीतर लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत म्हणा. तिथे हेडी पुढे येतो, बैलाचा ओठ वर करतो आणि दात बघतो. दुधाचे दात शाबूत असले तर खोंड 'आदत'. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही दात आले की 'जुळलेला'. त्यानंतर उपरण्याखाली हात जातो, बोटांनी भाव ठरतो, आणि शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत नाही. हा बाजार जुन्या मालाचाच बाजार आहे. बैल नवा कोरा मिळत नसतो. तो कुणाच्या तरी दावणीतून येतो आणि कुणाच्या तरी दावणीला जातो.

हे आज सांगायचे कारण वेगळे आहे. आमच्या भागातली कॉलेजात जाणारी काही मुले अलीकडे एक जोडधंदा करू लागली आहेत. व्हिडिओ गेम म्हणजे दूरदर्शन संचावर खेळायचे खेळ. त्यांच्या जुन्या कॅसेटी, चकत्या आणि यंत्रे शहरातून स्वस्तात घ्यायची, पुसूनपासून नीट करायची आणि मोबाईलवरून इंटरनेटच्या बाजारात विकायची. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा उद्योग पोरखेळ वाटतो. "शेळ्या पाळ, दोन पैसे मिळतील," असे एका आजोबांनी नातवाला माझ्यादेखत सांगितले. उस्मानाबादी शेळीची कीर्ती मोठी, तेव्हा आजोबांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण नातवाचा धंदाही काही आकाशातून पडलेला नाही. त्याचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या ओळखीचा आहे.

मालाची देवघेव या जिल्ह्याला नवी नाही. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर आहे आणि तिथून कापड गाड्यांवर घालून भडोचच्या बंदराकडे जाते, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वृत्तांतात लिहिले आहे. हे तगर म्हणजे तेरणाकाठचे आपले तेर, अशी ओळख फ्लीट या इंग्रज संशोधकाने १९०१ मध्ये पटवून दिली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जा. पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या, हस्तिदंती मूर्ती बघा. रोमन नाण्यांच्या धर्तीवर मातीत उठवलेली पदकेही तेरच्या उत्खननात सापडली. अस्सल नाणे परवडत नव्हते, म्हणून नक्कल गळ्यात घातली असावी. अस्सल आणि नक्कल हा घोळ पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे, म्हणून हे ध्यानात असू द्या.

मग बोहारीण. शिक्षकबंधूंनो, तिच्या धंद्याचा धडा अर्थशास्त्राच्या पुस्तकात असायला हवा होता. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर गाठोडे. जुने कपडे घ्यायचे आणि बदली भांडे द्यायचे. घरची बाई पातेल्याकडे बघते आणि बोहारीण लुगड्याच्या काठाकडे! काठाला खरी जर असली तर ती जाळून चांदी काढता येते, हे तिला ठाऊक असते. धडधाकट कपडा एकीकडे, फाटका चिंध्यांत. एकाच गाठोड्यातला माल तीन बाजारांत जातो. घरच्या बाईला अडगळ गेल्याचा आनंद आणि हिला चार पैसे. लबाडी होत नसे असे नाही. पण तिला पुढच्या महिन्यात त्याच गल्लीत यायचे असे, म्हणून लबाडीला लगाम होता.

इंटरनेटच्या बाजारात हाच लगाम सुटतो. विकणारा धाराशिवला, घेणारा नागपूरला, पुन्हा गाठ पडायची नाही.

या अडचणीवर अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक निबंध लिहिला. उदाहरण घेतले जुन्या मोटारींचे. मोटारीतली खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच मोटारींना पडता भाव देतो. तो भाव परवडत नाही म्हणून चांगल्या मोटारीचा मालक बाजारात येईनासा होतो, आणि अखेर बाजारात खटारेच उरतात. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता. पुढे २००१ मध्ये त्याच कामासाठी अकरलॉफ यांना, इतर दोघांबरोबर, नोबेल पारितोषिक मिळाले. आमचा हेडी हे सगळे ऐकून म्हणाला असता, "मग दात का नाही बघितले?" आणि त्याचे म्हणणे खरेच आहे. जुन्या मालाच्या प्रत्येक बाजाराला आपापले दात शोधावे लागतात. बैल बसका आहे की मारका, हे सांगून विकणारा हेडी ओळखीचा होतो आणि त्याचे गिऱ्हाईक टिकते.

आता खेळांकडे वळू. घरच्या संचाला जोडायचे, कॅसेट बदलली की खेळ बदलतो असे यंत्र अमेरिकेत अटारी कंपनीने १९७७ मध्ये आणले आणि ते घरोघर गेले. पाचसहा वर्षांत मालाचा पूर आला, त्यात रद्दी फार, आणि १९८३ मध्ये तो बाजार कोसळला. न विकलेल्या कॅसेटी कंपनीने न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात पुरल्या. पुढे ती दंतकथाच झाली. कुणी खरी म्हणे, कुणी थाप. एप्रिल २०१४ मध्ये तो उकिरडा खणला, तेव्हा सुमारे तेराशे कॅसेटी बाहेर निघाल्या. गावाने त्यांतल्या आठशेंहून अधिक लिलावात विकल्या, आणि एक लाख डॉलरांवर रक्कम जमा झाली. उकिरड्याचा पांग फिटतो म्हणतात तो असा!

जपानी निन्टेन्डो कंपनीचे फॅमिकॉम यंत्र १९८३ सालचे. ते मूळ रूपात आपल्या गावांपर्यंत आलेच नाही. परदेशी मालावर निर्बंध होते, जकात भारी होती. १९९० नंतर आली ती त्याच्या नकलेची यंत्रे, 'मीडिया'सारख्या नावांची, आणि त्यांच्याबरोबर पिवळ्या-काळ्या कॅसेटी. कॅसेटीवर छापलेले असायचे '९९९९ खेळ', आणि प्रत्यक्षात आत तेच पाचदहा खेळ फिरून फिरून यायचे. तेरच्या मातीच्या पदकांची आठवण होते ती इथे. मात्र याच काळात शहरांतल्या दुकानांत अदलाबदलीचा प्रघात पडला. एक कॅसेट खेळून झाली की दुकानात द्यायची, वर थोडे पैसे घालायचे आणि दुसरी घ्यायची. दुकानदार दोन्हीकडे कमवी. बोहारणीचाच हा धंदा, फक्त पाटीच्या जागी काचेचे कपाट आले. मी एकदा एका दुकानातून अशी कॅसेट हौसेने आणली. वरचे चित्र एका खेळाचे, आत भलताच! परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "खेळ तर आहे ना?" यावर मला उत्तर सुचले नाही.

दूरच्या गिऱ्हाइकाला माल पोचवायचा कसा, हा प्रश्न आपल्या टपालखात्याने फार पूर्वी सोडवला होता. व्ही. पी. म्हणजे माल हातात पडल्यावर पोस्टमनकडे पैसे भरायचे, ही सोय १८७७ मध्ये सुरू झाली. खेड्यातल्या किती शिक्षकांची पुस्तके अशी आली असतील! पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. या दोन्हींच्या पायावरच आजची घरपोच विक्री उभी आहे. अमेरिकेत ईबे हा लिलावाचा बाजार १९९५ मध्ये निघाला. त्यावर पहिल्यांदा विकली गेली ती प्रकाशाची एक मोडकी दर्शक कांडी, १४ डॉलर ८३ सेंटला, आणि घेणाऱ्याला ती मोडकीच हवी होती. आपल्याकडे 'बाझी' हा बाजार २००० मध्ये निघाला, २००४ मध्ये ईबेने तो विकत घेतला, आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतातले दुकान बंद झाले. ओएलएक्स २००६ चे. पैसे मोबाईलवरून देण्याची यूपीआय ही सोय २०१६ ची. तिच्याबरोबर नवे ठकही आले. "पैसे पाठवतो, हा चौकोनी ठसा मोबाईलने टिपा आणि पिन घाला," असे कुणी म्हणाले की समजा तो लुबाडायला बसला आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.

पण मंडळी, या सगळ्या इतिहासाचा गाभा निराळाच आहे. विकत घेतलेली वस्तू माझी झाली का? माझी झाली असेल तर ती मी कुणालाही, वाटेल त्या भावाने विकू शकतो का? बैलाच्या बाबतीत हे कुणी विचारत नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र विचारले गेले. अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने कादंबरीत छापले की ही प्रत एक डॉलरच्या खाली विकू नये. एका मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०८ मध्ये निकाल लागला, की प्रत एकदा विकली म्हणजे तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हक्क राहत नाही. जपानात खेळांच्या कंपन्यांनी जुन्या खेळांच्या दुकानदारांना न्यायालयात खेचले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही २५ एप्रिल २००२ रोजी दुकानदारांच्या बाजूने कौल दिला.

आपला लेखाधिकाराचा कायदा १९५७ चा. पुस्तकाची जी प्रत एकदा चलनात आली, तिच्या वितरणाचा हक्क लेखकाकडे राहत नाही, असे तो सांगतो. संगणकाच्या आज्ञावलीसाठी मात्र त्यात वेगळे शब्द आहेत. प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, विकण्याचा हक्क निर्मात्याचाच, असे १९९४ च्या दुरुस्तीत होते. १९९९ मध्ये ते 'असो वा नसो' काढून टाकले. कायद्यातले चार शब्द गेले, पण जुना माल विकणाऱ्याच्या दृष्टीने ते चार शब्द डोंगराएवढे होते. अर्थात हे अस्सल प्रतीबद्दल झाले. घरी उतरवलेली नक्कल विकणे हा तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे.

कंपन्यांनी मग दुसरी वाट शोधली. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नवे यंत्र जाहीर केले. त्यावरचे खेळ हस्तांतरित करायला बंधने राहणार होती. सोनीने लगेच एक छोटी चित्रफीत दाखवली. आमच्या यंत्रावरचा खेळ मित्राला कसा द्यायचा? एक माणूस खेळाचा डबा दुसऱ्याच्या हातात देतो, संपले! लोकांत हशा पिकला, गिऱ्हाईक चिडले, आणि १९ जूनला मायक्रोसॉफ्टने बंधने मागे घेतली. गिऱ्हाइकांनी एका महिन्यात एवढ्या मोठ्या कंपनीला माघार घ्यायला लावली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता त्या नातवाच्या धंद्यातले दात सांगतो, म्हणजे आजोबांनाही कळेल. जुन्या कॅसेटीत खेळाची नोंद राखायला गोल बटणासारखी बॅटरी असते. ती पंधरावीस वर्षांत मरते. तेव्हा खेळ चालू करून, नोंद करून, बंद करून पुन्हा बघावे. कॅसेट चालेना म्हणून तोंडाने फुंकर मारण्याची सवय सोडावी. तोंडातली वाफ धातूच्या टोकांना गंज आणते. कापसाच्या काडीवर औषधी स्पिरिट घेऊन ती टोके पुसावीत. चकतीचा प्रकार उलटा आहे. जुन्या सीडीची चित्राची बाजू जास्त नाजूक, कारण माहितीचा थर त्या शाईच्या लगेच खाली असतो. त्या बाजूचा खोल ओरखडा भरून येत नाही. यंत्र घेताना आधीच्या मालकाचे खाते त्यावरून पुसले आहे की नाही, ते समोरासमोर बघावे. नाहीतर घरी आणल्यावर ते दुसऱ्याच्याच नावाने बोलते. आणि विकताना ओरखड्याचे छायाचित्र आधी टाकावे, चकचकीत बाजूचे नंतर. २०२१ मध्ये न उघडलेला एक जुना खेळ पंधरा लाख डॉलरांच्या वर गेला, ही बातमी वाचून भांडवल अडकवू नये. तो संग्राहकांचा बाजार, आपला नव्हे.

एक पेच अजून उरतोच. आज पुष्कळ खेळ चकतीवर येतच नाहीत, ते तारेवरून यंत्रात उतरतात. असा खेळ विकता येत नाही, उसना देता येत नाही, वारसालाही सहजी देता येत नाही. पैसे वस्तूचे घेतले जातात, हाती मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला, की असा माल 'विकत घ्या' म्हणून खपवायचा असेल तर हा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. निन्टेन्डोच्या जून २०२५ मध्ये आलेल्या यंत्रासाठी काही खेळ 'किल्ली'च्या कॅसेटीवर येतात. कॅसेट हातात असते, ती विकताही येते, पण आत खेळ नसतो. ती लावली की खेळ कंपनीच्या कोठारातून उतरवून घ्यायचा. त्याच कंपनीच्या आधीच्या दोन यंत्रांची इंटरनेटवरची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली आहेत. उद्या असे कोठारच बंद झाले तर किल्ली कुठल्या कुलपाला लावायची? किल्लीच्या कॅसेटीच्या डब्यावर पुढच्या बाजूला तशी सूचना छापलेली असते. ती वाचल्याशिवाय इसार देऊ नका.