ऊन पाण्याची यात्रा

मगधाच्या बिंबिसार राजाला एकदा स्वतःच्याच राजधानीच्या वेशीबाहेर रात्र काढावी लागली. कारण होतं राजगृहाच्या डोंगराखालचं ऊन पाणी. तपोदेच्या त्या पाण्यात भिक्खू उतरले होते. त्यांचं आटपेपर्यंत राजाने वाट पाहिली आणि त्याची स्वतःची अंघोळ होईपर्यंत नगराचे दरवाजे बंद झाले. ही हकिगत विनयपिटकात आहे. त्यावरून बुद्धांनी नियम घातला की भिक्खूंनी पंधरा दिवसांच्या आत पुन्हा अंघोळ करू नये. मग एकेक अडचण पुढे येत गेली आणि सवलती द्याव्या लागल्या: कडक उन्हाळ्यात, आजारपणात, कामाने अंग मळलं असेल तर, प्रवासात, वादळवाऱ्यात. माणसं घरदार सोडून ऊन पाण्याकडे का जातात याची काही कारणं त्या यादीत आली आहेत.

आता आपल्या काळात येऊ. भंडारा जिल्ह्यातलं जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणीची वसाहत. इथून सहकुटुंब ऊन पाण्याला जायचं तर दोन वाटा आहेत. एक छिंदवाड्यावरून पचमढीकडे जाताना लागणाऱ्या अनहोनीची. दुसरी नागपूर, काटोल, वरुड करत, संत्र्याच्या बागांमधून मोरशीजवळच्या सालबर्डीची. दोन्ही ठिकाणं सातपुड्यात आहेत आणि दोन्ही महादेवाच्या यात्रेच्या वाटेवर. हा योगायोग नव्हे. आपल्याकडे ऊन पाण्याची सहल यात्रेच्या पोटी जन्मली.

पाणी तापतं कसं, हे आधी सांगायला हवं. सातपुड्यात नर्मदा-तापीच्या खोऱ्यांना धरून जमिनीत फार खोल, फार जुन्या भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून मुरत खाली जातं. जितकं खोल, तितका खडक गरम. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेची वाट मिळाली की वर येतं, वाटेतल्या खडकांतले क्षार घेऊन. त्यासाठी जवळपास जिवंत ज्वालामुखी असावा लागत नाही. चोपड्याजवळचं उनपदेव आणि छत्तीसगडातलं तातापानी याच पट्ट्यातली. कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत झऱ्यांची दुसरी रांग आहे. तिथल्या दापोलीकडच्या उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं. त्यात थेट उतरायची सोय नाही. कुंडात येईपर्यंत ते निवावं लागतं.

पाणी असं जमिनीतून वाफाळत वर येताना पाहिलं की माणूस हात जोडणारच. किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठच्या उनकेश्वरला सांगतात की शरभंग ऋषींना त्वचारोगाने ग्रासलं होतं. वनवासातला राम तिथे आला, त्याने जमिनीत बाण मारला आणि ऊन पाणी उसळलं. हीच कथा, तेच शरभंग आणि तोच बाण, शेकडो किलोमीटरवरच्या उनपदेवलाही आहेत. दोन्हीकडे रोग कातडीचाच. गंधकाच्या पाण्याने खरूज-नायटा बरा होतो हा लोकांचा जुना समज कथेने असा जपून ठेवला. सालबर्डीला महाशिवरात्रीला गुहेतल्या महादेवाची यात्रा भरते. तोच डोंगर महानुभावांनाही पूज्य आहे, कारण चक्रधरस्वामींनी तिथे बारा वर्षं एकांतात काढली असं पंथाची परंपरा सांगते. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरीला तर लढाईचा नवसच फेडलेला आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली आणि देवीचं देऊळ बांधवलं. किल्ल्यासारखं दिसणारं ते देऊळ आणि जवळच्या अकलोलीची कुंडं मुंबईकर आजही एकाच फेरीत करतात.

माझ्या मते ऊन पाण्याला जाण्याच्या प्रथेचा कणा इथेच आहे. घरातल्या बाईला, शेतातल्या गड्याला नुसतं 'चार दिवस आराम करून येतो' असं म्हणायची मुभा कधीच नव्हती. देवाचं नाव घेतलं किंवा दुखणं सांगितलं तरच बैल सुटत, चूल थांबत असे. ऊन पाण्याच्या ठिकाणी ही दोन्ही कारणं एकाच उंबऱ्यावर भेटली. सासूच्या गुडघ्यांसाठी निघालेल्या सुनेलाही मग तासभर कोमट पाण्यात पाय सोडून बसायला मिळालं.

जपानमध्येही हेच घडलं. तोकुगावा राजवटीत शेतकऱ्याला गाव सोडायला परवाना लागे. तो मिळायची मान्य कारणं दोन: तीर्थयात्रा आणि ऊन पाण्याचा उपचार. या उपचाराला ते 'तोजी' म्हणत. सात दिवसांचा एक फेरा धरायचा आणि जमलं तर असे तीन फेरे करायचे. सुगी संपली की कुटुंबं तांदूळ आणि मिसो बांधून घेऊन निघत आणि मुक्कामाच्या जागी स्वतःच रांधत. आपल्या जत्रेतल्या तीन दगडांच्या चुलीपेक्षा हे वेगळं नाही. आज कुसात्सू किंवा हाकोनेला सुती युकाता घालून फिरणारी जी कुटुंबं दिसतात, त्यांची सुट्टी त्या परवान्यातून आली आहे.

जवाहरनगरात देवाच्या आणि दुखण्याच्या जोडीला सुट्टीचं तिसरं कारण आलं ते सरकारी कागदातून. केंद्र सरकारने 1956 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी रजा प्रवास सवलत आणली. सगळे तिला एलटीसी म्हणतात. चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कुठेही जाता येतं. पैसे फक्त तिकिटांचे मिळतात, राहण्याजेवणाचे नाहीत. पण मला या सवलतीतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते कुटुंबाच्या व्याख्येतलं एक कलम: अवलंबून असलेले आईवडीलही त्यात धरलेले आहेत. स्फोटकांच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या माणसाला म्हाताऱ्या आईला बरोबर नेण्याचा हक्क कागदावर मिळाला. नोकरीसाठी परराज्यातून इथे आलेल्यांना तर तो फारच हवा होता.

जपानी रीतीतली एक गोष्ट आपण जरूर घ्यावी. तिथे सामाईक पाण्यात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुतात, फेस पूर्ण धुऊन काढतात आणि मगच कुंडात पाय घालतात. पंचा पाण्यात बुडवत नाहीत, घडी करून डोक्यावर ठेवतात. आपल्याकडे अनेकदा साबण कुंडातच लागतो आणि कपडेही तिथेच पिळले जातात. शेवटी पाण्यावर तवंग येतो. झऱ्याचं पाणी आपोआप बदलत असतं खरं, पण यात्रेच्या गर्दीपुढे त्याचा वेग पुरा पडत नाही. कुंडाच्या अलीकडे चार नळ, बसायला दगडी ओटा आणि बायकांसाठी भिंतीआड कपडे बदलायची जागा, एवढं ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. पुढची महाशिवरात्र यायच्या आत ते होऊ शकतं.