पापलेट ‘राज्य मासा’ झालं, मग बाजारात तळहाताएवढं पापलेट का दिसतं?

१ ऑगस्टला मासेमारी बंदी उठते आणि आठवड्याभरात बाजारात पापलेट येऊ लागतं. टोपलीतली काही पापलेटं जेमतेम तळहाताएवढी असतात. स्वस्त असतात, त्यामुळे लगेच संपतातही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला (चंदेरी पापलेट, म्हणजेच सरंगा) ‘राज्य मासा’ घोषित केलं. त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. आकाराला एवढं महत्त्व का?

समुद्रात मासे किती वाढतात?

माशांचा साठा भरपूर असेल, तर अन्न आणि जागेसाठी स्पर्धा असते. जेवढे नवे मासे जगतात, जवळपास तेवढेच मरतात. साठा थोडा कमी झाला की उरलेल्यांना खायला मिळतं आणि वाढ वेगाने होते. सोप्या गणितानुसार साठा मूळ आकाराच्या साधारण निम्मा असताना वाढ सर्वाधिक असते. ही वाढ म्हणजे व्याज. तेवढंच काढलं, तर मासेमारी वर्षानुवर्षं चालू शकते. पण साठा फारच घटला, तर अंडी घालणारेच उरत नाहीत आणि व्याजही आटतं. हे गणित कागदावर सोपं आहे. समुद्रातले मासे मोजणार कोण, ही खरी अडचण.

लहान मासा पकडला की नुकसान दुहेरी होतं. तो पुढे वजनाने वाढला असता, ते वजन गेलं. शिवाय एकदाही अंडी न घालता तो गेला.

मग ६१ दिवसांची बंदी पुरेशी नाही का?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. २०१५ पूर्वी ती ४७ दिवसांची होती. पावसाळ्यात अनेक माशांची वीण होते, म्हणून ही सुट्टी. पण या काळात जन्मलेली पिल्लं ऑगस्टमध्ये लहानच असतात. त्यांना वाचवायचं, तर जाळ्याच्या आसाचा आकार मोठा हवा. लहान आसाच्या जाळ्यात सगळंच अडकतं. अडकलेलं पिल्लू परत समुद्रात टाकलं, तरी बहुतेकदा मेलेलंच असतं. म्हणून किमान आकाराचा नियम फक्त बंदरावर तपासून भागत नाही.

प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार कायम आहे. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे: आपण लहान मासा सोडला, तर शेजारची बोट तो पकडणार. एकट्याने संयम पाळणाऱ्याचाच तोटा होतो.

साठा खरंच संपू शकतो?

हो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर १९६८ मध्ये सुमारे ८ लाख टन कॉड मासा पकडला गेला होता. साठा इतका कोसळला की २ जुलै १९९२ रोजी सरकारने व्यावसायिक मासेमारीच थांबवली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी आधी दोन वर्षांसाठी जाहीर झाली होती. ती उठायला २०२४ उजाडलं, आणि तेव्हाही परवानगी मिळाली फक्त १८ हजार टनांची. मासेमारी थांबवली म्हणजे मासे लगेच परततात, असं नाही.

कोळी समाजाची मागणी काय?

पूर्वी महाराष्ट्रात बोटी नारळी पौर्णिमेनंतर किंवा १५ ऑगस्टच्या सुमारास समुद्रात जात. बंदी पुन्हा तिथपर्यंत वाढवावी, असं अनेक मच्छीमार संघटना म्हणतात. दोन आठवडे वरवर किरकोळ वाटतात. पण पिल्लांच्या दृष्टीने ती वाढीची वेळ असते, आणि पावसाळी समुद्रात बोट घालण्याचा धोकाही टळतो. अडचण अशी, की शेजारच्या राज्यातल्या बोटी १ ऑगस्टलाच निघाल्या, तर इथल्यांनी का थांबायचं?