मांसाची मृदुता : संशोधनाचा इतिहास

मांसाची मृदुता : शिजविलेले मांस चावताना दातांना होणारा विरोध जितका कमी, तितके ते मांस मृदू मानले जाते. रंग, वास, चव व रसाळपणा यांच्या जोडीने मृदुता हा मांसाच्या प्रतीचा एक प्रमुख निकष आहे. जनावराची जात, वय, लिंग आणि खाद्य यांवरच मांसाचा मऊपणा अवलंबून असतो, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ होती. ती चुकीची नव्हती. पण अपुरी होती. एकाच कळपातील, एकाच वयाच्या दोन कोकरांपैकी एकाचे मांस मऊ व दुसऱ्याचे चिवट का निघावे, याचा उलगडा तिच्यामुळे होत नसे. मांसाच्या मृदुतेचा बराचसा निर्णय कत्तलीनंतरच्या पहिल्या काही तासांत होतो, हे १९६० नंतर मुख्यतः न्यूझीलंडमध्ये झालेल्या संशोधनाने सिद्ध झाले.

स्नायूंची रचना व मरणोत्तर बदल : मांस म्हणजे मुख्यत्वे जनावराचे कंकाल स्नायू होत. त्यांत आकुंचनक्षम तंतू आणि त्यांना एकत्र बांधून ठेवणारे संयोजी ऊतक (समान कार्य करणाऱ्या कोशिकांचा समूह) असे दोन मुख्य घटक असतात. संयोजी ऊतकातील कोलॅजेन या प्रथिनाचे दुवे जनावराच्या वयाबरोबर पक्के होत जातात. म्हणून म्हाताऱ्या जनावराचे मांस शिजण्यास वेळ लागतो. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ कार्ल लेमान यांनी १९०७ मध्ये चिवटपणाचा संबंध संयोजी ऊतकाशी जोडून दाखविला. त्यानंतर सु. ५० वर्षे संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने याच घटकाकडे राहिले.

जनावर मेल्याबरोबर स्नायूतील रासायनिक क्रिया थांबत नाहीत. रक्तातून होणारा ऑक्सिजनाचा पुरवठा तुटल्यावर स्नायूतील ग्लायकोजेनाचे लॅक्टिक अम्ल होऊ लागते आणि स्नायूचे पीएच मूल्य (अम्लता दर्शविणारा अंक) सु. ७ वरून ५.५ च्या आसपास उतरते. स्नायू शिथिल राहण्यासाठी एटीपी (ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट) हे ऊर्जावाहक संयुग आवश्यक असते. ते संपत आले की ॲक्टिन व मायोसीन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत कायमचे अडकतात व स्नायू ताठ होतो. ही मरणोत्तर ताठरता व एटीपीचा ऱ्हास यांचा संबंध हंगेरीत १९४३ मध्ये अर्डश यांनी दाखविला. पुढे केंब्रिज येथे बेट-स्मिथ व बेंडल यांनी १९४७–४९ या काळात त्याचा सविस्तर अभ्यास केला. स्नायू आखडताना तंतू स्वतः आखूड होत नाहीत, तर एकमेकांवरून सरकतात, हा सिद्धांत १९५४ मध्ये मांडण्यात आला. मांसशास्त्राच्या पुढील प्रगतीस तो पायाभूत ठरला.

मृदुतेचे मापन : मृदुता हा जिभेचा व दातांचा अनुभव असल्याने तिची तुलना करणे कठीण होते. अमेरिकेत वॉर्नर यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिजविलेल्या मांसाचा तुकडा पात्याने कापण्यास लागणारे बल मोजण्याची कल्पना मांडली. कॅनझस येथे ब्रॅट्‌झलर यांनी १९३२ च्या सुमारास त्या उपकरणात सुधारणा केली. वॉर्नर-ब्रॅट्‌झलर उपकरण या नावाने ते जगभर प्रचारात आले. प्रशिक्षित परीक्षकांचा अभिप्राय व या उपकरणाचे आकडे यांचा मेळ घालून निष्कर्ष काढण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली.

न्यूझीलंडपुढील प्रश्न : ‘डनेडिन’ हे जहाज १५ फेब्रुवारी १८८२ रोजी पोर्ट चामर्झ बंदरातून गोठविलेल्या मेंढ्या-कोकरांची धडे घेऊन निघाले व मे महिन्यात लंडनला पोहोचले. या यशस्वी सफरीनंतर गोठविलेले मांस हा न्यूझीलंडच्या अर्थव्यवस्थेचा एक आधारस्तंभ बनला. आरंभीच्या काळात धडे गोठविण्यापूर्वी काही तास साध्या हवेत टांगून ठेवीत व नंतर सावकाश गोठवीत. विसाव्या शतकाच्या मध्यास कारखान्यांचा वेग वाढला. जंतूंची वाढ रोखण्यासाठी व वजनातील घट टाळण्यासाठी अतिथंड हवेचे जोरदार झोत सोडून धडे लवकरात लवकर गोठविण्यात येऊ लागली. आरोग्याच्या दृष्टीने ही सुधारणा निर्दोष होती. परंतु कोवळ्या कोकराचे मांसही चिवट लागते, अशी तक्रार परदेशी बाजारातून येऊ लागली. देशाची निर्यात ज्या मालावर अवलंबून होती, त्या मालाविषयीच शंका निर्माण झाली. कारण जनावरांच्या जातीत किंवा चाऱ्यात शोधून सापडेना.

शीत आकुंचनाचा शोध : मांस उद्योगासाठी हॅमिल्टन येथे एक संशोधन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली होती. तेथील लॉकर यांनी १९६० मध्ये असे दाखविले की, ताठरता येताना स्नायू ज्या प्रमाणात आखडलेला असेल त्या प्रमाणात मांस चिवट होते. धड मागील पायाने टांगले असता काही स्नायू ताणलेले राहतात व काही सैल पडून आखडतात. एकाच धडातील निरनिराळ्या भागांच्या मृदुतेतील फरकाचे हे एक कारण होते.

लॉकर व हॅगयार्ड यांनी १९६३ मध्ये गाईच्या मानेतील स्नायू कत्तलीनंतर लगेच काढून निरनिराळ्या तापमानांस ठेवून पाहिले. सु. १४° ते १९° से. या तापमानात स्नायू सर्वांत कमी, म्हणजे सु. १०%, आखडला. तापमान याहून वाढविल्यास आकुंचन वाढले, हे अपेक्षितच होते. परंतु ०° से. च्या जवळ आणल्यावर स्नायूची लांबी जवळजवळ निम्मी झाली. या आविष्कारास शीत आकुंचन असे नाव मिळाले. थंडीमुळे स्नायूकोशिकेतील कॅल्शियम आयन (विद्युत् भारित अणू) साठवून ठेवणारी यंत्रणा दुबळी होते. मोकळे झालेले कॅल्शियम आकुंचनाची क्रिया सुरू करते आणि एटीपी अद्याप शिल्लक असल्याने स्नायू जोराने आखडतो, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे देण्यात आले.

मार्श व लीट यांनी १९६६ मध्ये आकुंचन व चिवटपणा यांचे परिमाण निश्चित केले. आकुंचन २०% पर्यंत असताना मृदुतेवर फारसा परिणाम होत नाही. त्यापुढे ४०% पर्यंत चिवटपणा कित्येक पटींनी वाढतो आणि त्याहून अधिक आकुंचन झाल्यास तो पुन्हा कमी होतो, असे त्यांना आढळले. तक्रारींचे मूळ यावरून स्पष्ट झाले. मांस टिकावे म्हणून योजलेली थंडीच ते चिवट करीत होती. कारण ती ताठरता येण्याच्या आधी स्नायूपर्यंत पोहोचत होती.

जुन्या एका समजुतीचाही यामुळे खुलासा झाला. लठ्ठ जनावराचे मांस मऊ असते, याचे श्रेय पूर्वी चरबीच्या पोषणास देत असत. चरबीचा जाड थर धडाची उष्णता लवकर बाहेर पडू देत नाही व त्यामुळे शीत आकुंचन टळते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात झालेल्या प्रयोगांतून दिसून आले.

उपाययोजना : कोकरांची धडे सु. १८° ते २४° से. तापमानात सु. १६ तास ठेवून ताठरता पूर्ण झाल्यावर गोठवावीत, असा पहिला उपाय मार्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये सुचविला. कत्तलीनंतर १० तासांच्या आत मांसाचे तापमान १०° से. च्या खाली जाऊ देऊ नये, असा व्यवहारोपयोगी नियमही प्रचारात आला. मात्र धडे इतका वेळ ठेवण्यास जागा व खर्च लागे आणि जंतूंच्या वाढीचा धोकाही असे. टेक्ससमधील संशोधकांनी १९७० च्या सुमारास धड पायाऐवजी कटीच्या हाडास आकडा लावून टांगण्याची रीत सुचविली. तिच्यामुळे कमरेचे व मांडीचे महत्त्वाचे स्नायू ताणलेले राहतात.

अधिक परिणामकारक उपाय विजेचा ठरला. विजेच्या धक्क्याने मारलेल्या टर्की पक्ष्यांचे मांस विशेष मऊ होते, असे बेंजामिन फ्रँक्लिन यांनी अठराव्या शतकातच नोंदविले होते. अमेरिकेत हर्शम व डेदरेज यांना १९५१ मध्ये विद्युत् उद्दीपनाच्या एका पद्धतीचे एकस्व (पेटंट) मिळाले. पण तिचा उपयोग फारसा झाला नाही. कार्स यांनी न्यूझीलंडमध्ये १९७३ मध्ये दाखविले की, ताज्या धडातून विजेचे स्पंद सोडल्यास स्नायू वारंवार आखडून आपले ग्लायकोजेन व एटीपी लवकर खर्च करतात आणि पीएच मूल्य ६ पर्यंत उतरण्यास सु. १५ तासांऐवजी सु. ३ तास पुरतात. त्यानंतर धड गोठविले तरी शीत आकुंचन होत नाही. क्रिस्टल व हॅगयार्ड यांनी १९७६ मध्ये कोकरांच्या मांसावर या पद्धतीची उपयुक्तता प्रस्थापित केली व पुढे ती अनेक देशांतील कत्तलखान्यांत स्वीकारण्यात आली.

अम्लता लवकर वाढणे मात्र सर्वच जनावरांत हितकर नसते. डुकराचे धड गरम असतानाच अम्लता वाढली, तर मांस फिकट, लिबलिबीत व पाणी सुटणारे होते. डेन्मार्कमध्ये १९५० नंतर या दोषाचा अभ्यास झाला आणि त्यास कारणीभूत होणारे एक जनुकीय उत्परिवर्तन (आनुवंशिक घटकातील बदल) १९९१ मध्ये कॅनडात ओळखण्यात आले. तापमान व अम्लता यांच्या उतरण्या-चढण्याचा परस्परांशी मेळ बसणे महत्त्वाचे आहे, हा निष्कर्ष त्यातूनही दृढ झाला.

मांस मुरविणे : ताठरता आलेले मांस ०° ते ४° से. तापमानात काही दिवस ठेवल्यास पुन्हा मऊ होते. गोमांसास साधारणपणे १० ते १४ दिवस लागतात. हे सडण्यामुळे होत नसून स्नायूतील एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांना मदत करणारी प्रथिने) तंतूंची बांधणी ठिकठिकाणी तोडतात, त्यामुळे होते. कॅल्शियमाने कार्यान्वित होणारे असे एक एंझाइम १९७६ मध्ये अमेरिकेत शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्याच्या गटास कॅल्पेन हे नाव आहे. त्याला रोखणाऱ्या कॅल्पास्टॅटिन या प्रथिनाचे प्रमाण जास्त असल्यास मांस चिवट राहते. ओक्लाहोमा येथे १९८३ मध्ये आढळलेल्या एका मेंढ्याच्या वंशजांत पार्श्वभागाचे मांस भरपूर, परंतु चिवट असल्याचे दिसून आले. त्यांत कॅल्पास्टॅटिन अधिक होते. केवळ मांसाची वाढ साधणारे प्रजनन मृदुतेस मारक ठरू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

भारतातील परिस्थिती : भारतात शेळी-मेंढीचे मांस बहुधा कत्तलीनंतर काही तासांतच, शीतगृहात न ठेवता विकले जाते. त्यामुळे शीत आकुंचनाचा प्रश्न येथे घरगुती बाजारापेक्षा शीतसाखळीतील व निर्यातीच्या मालात अधिक उद्‌भवतो. शेळीचे धड लहान व कमी चरबीचे असल्याने ते लवकर थंड होते. म्हणून नव्या शीतगृहांत अधिक काळजी घ्यावी लागते. कामातून निवृत्त झालेल्या वयस्क म्हशींच्या मांसात कोलॅजेनामुळे येणारा चिवटपणा हा वेगळा प्रश्न असून, त्यावर विजेचा किंवा टांगण्याच्या रीतीचा उपाय पुरेसा पडत नाही. मांस शिजविण्यापूर्वी त्याला कच्ची पपई किंवा आले चोळण्याची स्वयंपाकघरातील प्रथा येथे उपयोगी पडते. पपईच्या चिकातील पपेन व आल्यातील प्रथिनभंजक एंझाइम ही दोन्ही मांसातील प्रथिनांचे तुकडे करतात. कचरी या रानफळाच्या व आल्याच्या अर्कांचा म्हशीच्या मांसावरील परिणाम भारतीय शास्त्रज्ञांनी अभ्यासून त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९९९ मध्ये हैदराबाद येथे मांसविषयक राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन केले.

जनावराची निवड व संगोपन यांचे महत्त्व या संशोधनाने कमी झाले नाही. मात्र उत्तम जनावराचे मांसही कत्तलीनंतरच्या घाईने बिघडते, हे त्यामुळे निर्विवाद झाले. कत्तलखान्याची रचना करताना जंतुनाशाबरोबर स्नायूतील रासायनिक बदलांच्या गतीचाही विचार करावा लागतो, हे तत्त्व त्यातून सर्वमान्य झाले.